प्रोमेथियसच्या कॉन्फिगमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल चालतच नाही का?

रात्रपाळी:
सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या प्रोमेथियसची वायएएमएल (सेटिंगची) फाइल गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं टूल) टाकायची आहे. म्हणून पासवर्ड काढला आणि तिथे डॉलर, महिरपी कंस आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी किंमत) नाव लिहिलं. बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना चालणारी फाइल) एक्स्पोर्ट केलंय, टर्मिनलवर एको केलं की पासवर्ड बरोबर दिसतो. तरी टार्गेट (ज्याची माहिती प्रोमेथियस घेतो ते) डाउन, एरर ४०१ (लॉगिन नाकारलं). प्रोमटूल (कॉन्फिग तपासणारं टूल) म्हणतं फाइल ठीक आहे. त्याच सर्व्हरवर टेलिग्राफ (आकडे गोळा करणारं दुसरं टूल) अशाच व्हेरिएबलवर मजेत चालतोय. मग घोडं अडलंय कुठे?

लॉगवाचक:
टेलिग्राफ स्वतः फाइल वाचताना व्हेरिएबलची किंमत भरतो. प्रोमेथियस भरत नाही, त्यांनी ते मुद्दाम ठेवलेलं नाही. अपवाद एकच, एक्स्टर्नल लेबल्स (बाहेर पाठवताना डेटाला लागणारी लेबलं). म्हणजे तुमचा डॉलर-कंस जसाच्या तसा पासवर्ड म्हणून जातोय आणि समोरचा ४०१ देतोय. प्रोमटूलच्या लेखी तीही एक साधी स्ट्रिंगच, ते बिचारं काय तक्रार करणार!

पासवर्डच्या जागी पासवर्ड_फाइल ही की वापरा. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, ती गिटच्या बाहेर, आणि वाचायची परवानगी फक्त प्रोमेथियसच्या युजरला. टोकन असेल तर क्रेडेन्शियल्स_फाइल. मला तर हेच जास्त पटतं. कारण व्हेरिएबल चाइल्ड प्रोसेसकडे (प्रोग्रामने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रामकडे) जातं, डॉकर इन्स्पेक्टमध्ये (कंटेनरची माहिती दाखवणारी कमांड) उघडं दिसतं.

आणि बॅशआरसीचा नाद सोडा. सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) सर्व्हिस सुरू करताना ती फाइल बघतही नाही. टेलिग्राफची व्हेरिएबल्स बहुतेक ईटीसी-डिफॉल्ट फोल्डरमधल्या फाइलमध्ये कुणीतरी आधीच भरलेली असणार, बघा.

कंटेनरकर:
एवढं कशाला? एन्व्हसब्स्टने (मजकुरात व्हेरिएबलच्या किमती भरणारी कमांड) टेम्प्लेटमधून फाइल तयार करा, विषय संपला.

लॉगवाचक:
करता येतं, पण तयार झालेल्या फाइलमध्ये पासवर्ड उघडाच पडतो, मग मिळवलं काय? शिवाय अलर्टच्या रूल फाइल त्यातून काढल्या तर डॉलर लेबल्स आणि डॉलर व्हॅल्यू (अलर्टच्या मजकुरात मशीनचं नाव, आकडा भरणाऱ्या खुणा) दोन्ही गायब होतात. त्या नावांचं व्हेरिएबल नसतं, एन्व्हसब्स्ट तिथे रिकामी जागा सोडतं. मग अलर्टचा मजकूर बिघडतो. वापरायचंच असेल तर कोणती व्हेरिएबल्स बदलायची त्यांची यादी सिंगल कोटमध्ये द्या.

रात्रपाळी:
पासवर्ड_फाइलने टार्गेट अप झालं! आता ग्राफाना (आलेख दाखवणारं टूल). ईटीसी-डिफॉल्टमधल्या फाइलमध्ये ॲडमिन पासवर्डचं जीएफवालं (जीएफने सुरू होणारं, ग्राफानाचं) व्हेरिएबल एक्स्पोर्ट लावून लिहिलं, रीस्टार्ट केलं. लॉगिन जुन्याच पासवर्डने होतंय.

लॉगवाचक:
एक्स्पोर्ट काढा. ती शेल स्क्रिप्ट नाही, सिस्टिमडी अशी ओळ अवैध म्हणून सोडून देतं. नुसतं नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. व्हेरिएबल पोचलं का हे बघायला सिस्टिमसीटीएल शोवर (सर्व्हिसची माहिती दाखवणारी कमांड) विसंबू नका, एन्व्हायर्नमेंट फाइलमधल्या किमती त्यात येत नाहीत. प्रॉक फोल्डरमध्ये त्या पीआयडीच्या (चालू प्रोसेसच्या क्रमांकाच्या) फोल्डरमधली एन्व्हायरॉन फाइल वाचा, प्रोसेसला सुरुवातीला काय मिळालं ते तिथे दिसतं.

पण एवढं करूनही पासवर्ड बदलणार नाही. ते व्हेरिएबल ग्राफाना फक्त पहिल्यांदा सुरू होताना वापरतो, नंतर पासवर्ड डेटाबेसमध्ये असतो. ग्राफाना सीएलआयची (टर्मिनलवरून चालणारं टूल) रीसेट ॲडमिन पासवर्ड कमांड चालवा. बाकीच्या सेटिंगना मात्र जीएफवालं व्हेरिएबल आयएनआय फाइलच्या (ग्राफानाची सेटिंगची फाइल) वरचढ ठरतं, तेव्हा तिथे काही बदलून फरक पडला नाही तर आधी एन्व्हायरॉन बघा.