उसळत्या पाण्यात फ्रीस्टाइल : आपला अनुभव लिहावा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि संध्याकाळी तलावात इतकी गर्दी होते की पाणी क्षणभरही स्वस्थ राहत नाही. अशा वेळी फ्रीस्टाइल, म्हणजे पालथे राहून एकाआड एक हात मारत पोहताना शरीराची ठेवण आणि श्वास आपण कसा सांभाळता, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुळे सोलापूरहून
लाट तोंडावर आली की डोके वर उचलावेसे वाटते. पण डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली बसतात व प्रत्येक हात जड होतो. म्हणून मी नजर तळावरच्या काळ्या पट्टीवर ठेवते आणि श्वासासाठी मान न उचलता खांद्यासह अंगच वळवते. शांत पाण्यात एक डोळा पाण्यातच राहिला तरी गालाशी तयार होणाऱ्या खळग्यात हवा मिळते. लाटांमध्ये तो खळगा भरून जातो, तेव्हा अंग थोडे अधिक वळवून तोंड आकाशाकडे न्यावे लागते. उच्छ्वास मात्र पाण्यातच पूर्ण झालेला हवा.

होटगी रोडहून
ताईंचे म्हणणे पटले. भर एवढीच, की श्वास दोन्ही बाजूंनी घेता यायला हवा. काठालगत पोहताना भिंतीवर आपटून परतणारी लाट एकाच अंगाने येते, तेव्हा मी विरुद्ध बाजूला तोंड वळवतो. हात पुढे नेताना कोपर उंच ठेवतो, नाहीतर बोटे लाटेच्या माथ्यात अडकतात आणि लय तुटते.

सात रस्त्याहून
मी मुलांना शिकवतो. लेनच्या दोरांवरच्या फिरत्या चकत्या लाटा मोडण्यासाठीच असतात, त्यामुळे दोर सैल असतील तर ते आधी ताणून घ्यायला सांगतो. तलावाची खोलीही महत्त्वाची आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकचा तलाव 3 मीटर खोल होता आणि कडेच्या दोन लेन रिकाम्या ठेवल्या होत्या, त्या लाटा शमाव्यात यासाठीच. उथळ तलावात तळावरूनही हेलकावे परततात. तिथे पाय लहान, पण अखंड मारावेत, म्हणजे अंग डुलत नाही.

विजापूर रोडहून
काकांना एक विचारायचे आहे. भिंतीला रेटा दिल्यावर मी जरा खोलवरून सरकतो, कारण खळबळ पृष्ठभागावरच जास्त असते. गर्दीत समोरचा दिसत नसताना हे मुलांना शिकवावे का?

सात रस्त्याहून
गर्दीत नको. सकाळी लेन मोकळी असताना शिकवावे.