मेटरनिखला आपण उगाच खलनायक केलंय का?

रिकामटेकडा:
शाळेच्या पुस्तकात मेटरनिख, म्हणजे ऑस्ट्रियाचा तेव्हाचा परराष्ट्रमंत्री, हा प्रतिगामी, विषय संपला. मला पटत नाही. नेपोलियननंतर युरोपची घडी बसवणाऱ्या, मेटरनिखच्या पुढाकाराच्या १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशिया जवळपास चाळीस वर्षं, थेट क्रिमियाच्या युद्धापर्यंत, एकमेकांशी लढले नाहीत. हरलेल्या फ्रान्सलाही १८१८ मध्ये पंगतीत बसवून घेतलं. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीचं १९१९ ला काय केलं ते आठवा.

वाचाळवीर:
असहमत. ही शांतता राजांची. नेपल्सच्या लोकांनी १८२० ला राजाकडून राज्यघटना कबूल करून घेतली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाची फौज हजर. १८२३ ला स्पेनमध्ये तेच, फक्त फौज फ्रान्सची. आणि मेटरनिखने जर्मन राज्यांसाठी काढवलेले १८१९ चे कार्ल्सबाडचे हुकूम? वीस फर्म्यांपर्यंतचं (एक फर्मा म्हणजे सोळा छापील पानं) काहीही छापायचं तर आधी सेन्सॉरला दाखवा. त्याहून जाड ग्रंथाला मोकळीक! ३२० पानं रेटणारा वाचक दंगा करायला उठत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

रिकामटेकडा:
फर्म्यांचं मान्य, हसलो. पण ते हुकूम आले कशामुळे? विद्यार्थी संघटनेतल्या झांड नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने नाटककार कोत्सेबूला त्याच्या घरात भोसकलं, देशासाठी म्हणे. १८१७ ला वार्टबुर्गच्या किल्ल्यावरच्या मेळाव्यात असल्याच विद्यार्थी संघटनांच्या पोरांनी नावडत्या पुस्तकांची होळी केली. (खरी पुस्तकं महाग, म्हणून रद्दीवर नावं लिहून जाळली!) यांना उदारमतवादी म्हणायचं?

गिरणीचा भोंगा:
अहो, तुमच्या दोघांच्या भांडणात विणकर कुठेच नाही. फ्रान्समध्ये १८३० च्या क्रांतीने उदारमतवादी आले. मताधिकार कुणाला? वर्षाला २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्यांना. सव्वातीन कोटींच्या देशात मतदार दोन लाखसुद्धा नाहीत. १८३१ ला लिआँच्या रेशीम विणकरांनी मजुरीचे किमान दर मागितले, तर व्यापारस्वातंत्र्याच्या नावाने दर रद्द आणि गावात सैन्य. समाजवाद हवेतून नाही आला.

मांडवीकाठ:
मतदार थोडे, हे खरं. पण पोर्तुगालच्या १८२० च्या क्रांतीनंतर लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातून बेर्नार्दु पेरिश द सिल्वा निवडून गेला. गोंयकार! मेटरनिखच्या व्यवस्थेत हे स्वप्नातही शक्य नव्हतं.

गिरणीचा भोंगा:
आणि १८३५ ला तोच गोव्याचा प्रमुख होऊन आला, तेव्हा काही आठवड्यांत तिथल्या लष्करानेच त्याला हुसकावलं. तेही सांगा की.