मदत हवी आहे: मानेच्या दुखापतीनंतर खुर्चीत बसवलं की दम लागतो, कफ सुटत नाही

निशिगंध_०७
भावाला घरी आणलंय. झोपलेला असतो तेव्हा ऑक्सिजन ९७, खुर्चीत बसवलं की थोड्या वेळात ९३ आणि धाप. बसल्यावर श्वास सोपा व्हायला हवा ना? कफ घशाशी घरघरतो, बाहेर येत नाही. लवकर सांगा, प्लीज.

डेक्कनकर
कोणता मणका? इजा पूर्ण की अपूर्ण? ऑपरेशन झालं? गळ्यात नळी आहे? ताप? एका पोटरीला सूज? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

निशिगंध_०७
सी-५ (मानेतला पाचवा मणका), एशिया बी, म्हणजे अपूर्ण: खाली थोडी संवेदना आहे, हालचाल नाही. प्लेट बसवलीय, तीन महिने होत आले. नळी काढली, भोक बुजलंय. ताप, सूज नाही.

कणा_फिजिओ
मग हे या इजेत नेहमी दिसणारं आहे. श्वासपटलाची (छाती आणि पोटाच्या मधल्या स्नायूच्या पडद्याची) नस सी-३ ते सी-५ मधून निघते, म्हणून ते बरंचसं चालतं. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू मात्र गेलेत. आडवं असताना पोटातले अवयव श्वासपटलाला वर रेटून ठेवतात, त्यामुळे त्याला खाली यायला वाव मिळतो. बसलं की पोट पुढे ओघळतं आणि श्वासपटल आधीच सपाट होतं.

पोटाचा पट्टा आणा. झोपलेला असतानाच बांधायचा, कंबरेच्या हाडांपासून शेवटच्या बरगडीच्या खालपर्यंत. बरगड्यांवर चढला तर उलट छाती आवळेल. काढल्यावर खालची त्वचा रोज बघा, त्याला टोचलेलं नीट कळेलच असं नाही. पाठ एकदम उभी करू नका; ३०, ४५, ६० अंश असं चढवत प्रत्येक टप्प्यावर बीपी बघा.

योगसाधक
पट्ट्याने स्नायू आळशी होतात. अनुलोम-विलोम आणि तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र पुरेसं आहे.

कणा_फिजिओ
ज्या स्नायूंपर्यंत मेंदूचा निरोपच पोचत नाही, ते आळशी काय होणार? आणि ते यंत्र फुंकायचं नाही, ओढायचं असतं. आत घ्यायचा श्वास त्याने वाढेल, पण कफ बाहेर फेकायला पोटाचा जोर लागतो, तो बाहेरून द्यावा लागेल.

त्याला सपाट झोपवा. तळहाताचा मनगटाजवळचा भाग बेंबी आणि छातीच्या हाडाच्या टोकाच्या मधोमध ठेवा, टोकावर नाही. तीन मोठे श्वास, तिसरा रोखायला सांगा. ‘खोक’ म्हणताच आत आणि डोक्याच्या दिशेने एकच झटका. वेळ चुकली तर कफ हलत नाही. जेवणानंतर दोन तास नाही. बरगडी मोडली असेल किंवा पोटाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी अडवणारा फिल्टर असेल तर अजिबात नाही. आधी सर्जनची परवानगी घ्या आणि फिजिओसमोर हात बसवून घ्या.

सातारी_मन
हे किती दिवस करत बसणार? स्टेम सेल करून टाका.

डेक्कनकर
भारतात मणक्याच्या इजेवर ती मान्य उपचारपद्धती नाही, फक्त चाचणीत देता येते. पैसे घेऊन कुणी देत असेल तर लांब राहा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मानेवरून वीज-उत्तेजना देणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली, तीही जुन्या अपूर्ण इजेत हाताच्या कामासाठी, श्वासासाठी नाही.

माईआजी_नर्स
विचारलं नाहीत तरी सांगते, मालिश करताना मनगट मागे वळवून बोटं सरळ ताणू नका. पुढे मनगट उचलता आलं, तर थोड्या आखडलेल्या बोटांनीच वस्तू धरता येते. ताणून सैल केली की ती पकड जाते. बोटं उघडायची तर मनगट खाली वाकवून.

निशिगंध_०७
पट्टा मागवते. संध्याकाळी डोकं ठणकतं आणि चेहऱ्याला घाम येतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का? क्रोसिन देते.

माईआजी_नर्स
हे आधी सांगायचं! क्रोसिन बाजूला ठेवा. टी-६ (पाठीतला सहावा मणका) च्या वरच्या इजेत लघवी तुंबली तरी बीपी एकदम चढतं. लगेच बसतं करा, पाय खाली, पट्टा-कपडे सैल, लघवीची नळी कुठे मुडपलीय बघा. बीपी किती? त्याचं एरवीचं १०० असेल, तर १४० म्हणजे खूप आहे.

निशिगंध_०७
१५२. नळी मांडीखाली दबली होती, पिशवी रिकामीच. मोकळी केली, आता ११०.

माईआजी_नर्स
पुन्हा चढलं आणि कारण काढूनही उतरलं नाही, तर थेट इस्पितळ. तिथे ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ हा शब्द सांगा. आजच डॉक्टरांना फोन करा.

कणा_फिजिओ
आणि आडवा असतानाही ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला तर पट्ट्याची वाट बघू नका, छातीचा एक्स-रे लागेल. फिल्टरचं विचारलंत का सर्जनला?