शॉर्टवेव्ह ऐकताना छापील गाइड लागतंच का? (सोलापूरकरांनी जरूर बोलावं)

सातरस्तेकर

महिन्यापूर्वी नव्या पेठेत एका रद्दीवाल्याकडे 2014 चं वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक, म्हणजे जगभरच्या स्टेशनांचं वार्षिक गाइड, सापडलं. बारावीच्या गाइडांच्या गठ्ठ्यात दबलेलं होतं. त्याने तागडीत टाकलं, मग उचलून उलटसुलट पाहिलं आणि इंग्लिश आहे म्हणून ऐंशी रुपये सांगितले. दिले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढ्या वर्षांपूर्वीचं टाइमटेबल घेऊन कुठली गाडी पकडणार?"

प्रश्न रास्त आहे. तरी माझं म्हणणं असं की शॉर्टवेव्हच्या नादाला नव्याने लागलेल्याने एक तरी छापील गाइड जवळ ठेवावं, शिळं असलं तरी चालेल. मोबाइलवरच्या यादीतून स्टेशनचं नाव कळतं, पण बँड, म्हणजे स्टेशनांसाठी ठरलेला फ्रिक्वेन्सींचा पट्टा, कळत नाही.

माझाच किस्सा सांगतो. माझा सेट स्वस्तातला आहे. आकडे डिजिटल, पण आतलं काम जुन्या पद्धतीचं. रोज रात्री 10850 किलोहर्ट्झवर एक चिनी स्टेशन खणखणीत लागायचं. यादीत त्या जागी काहीच नाही. दोन महिने मी खुशीत होतो की आपल्याला काहीतरी गुप्त सापडलं! पुस्तक आणलं आणि सहज चाळताना दिसलं की 25 मीटरचा पट्टा साधारण 11600 ते 12100. म्हणजे माझं स्टेशन कुठल्याच बँडमध्ये बसत नव्हतं. रिसीव्हरच्या परीक्षणांमध्ये ‘इमेज’ हा शब्द सारखा येत होता, म्हणून त्याच्या मागे लागलो. इमेज म्हणजे एका जागचं स्टेशन सेटच्या दोषामुळे दुसऱ्याच जागीही लागणं. सेटच्या आत 455 किलोहर्ट्झचा मधला टप्पा असतो, त्याची दुप्पट 910. तेवढं वर जाऊन 11760 लावलं, तर तोच निवेदक, तेच वाक्य, आणि आवाज दुप्पट मोठा. गुप्त स्टेशन गेलं, पण सेट कसा चालतो ते कळलं. यादीत नेमकी फ्रिक्वेन्सी शोधणाऱ्याला हे कधी सापडलं असतं?

पंचवीस मीटर

वहिनींचं बरोबर आहे. तुमचा किस्सा छान, पण त्यात श्रेय भौतिकशास्त्राचं, पुस्तकाचं नाही. इमेज म्हणजे काय ते कुणीही पाच मिनिटांच्या व्हिडिओत सांगेल.

आता मुद्द्यावर येतो. शॉर्टवेव्हचं वेळापत्रक वर्षात दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. एकाला ए सीझन म्हणतात, दुसऱ्याला बी. तुमच्या हँडबुकात हिवाळ्याचं छापलेलं असायचं, आणि उन्हाळ्याचं तेच लोक पीडीएफ करून फुकट द्यायचे. म्हणजे पुस्तकवाल्यांनीच मान्य केलं होतं की अर्धं वर्ष कागद पुरत नाही!

आणि 2014 नंतर काय काय गेलं बघा. रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह 2017 च्या जानेवारीअखेर बंद. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं शेवटचं प्रसारण 31 जानेवारी 2020. तुमच्या पुस्तकात दोन्ही ठणठणीत असणार. नवा माणूस ते उघडून संध्याकाळी बीबीसी हिंदी शोधत बसेल आणि आपलं एरियलच खराब म्हणून गच्चीवर तार ओढत सुटेल.

इंटरनेटवरची ईआयबीआय नावाची यादी फुकट आहे. फ्रिक्वेन्सी, वेळ, वार, भाषा, कुठल्या दिशेला प्रसारण, ट्रान्समीटर कुठे, सगळं एका ओळीत. बीबीसी लंडनची पण आपल्याला ऐकू येते ती ओमानच्या ट्रान्समीटरवरून, हेसुद्धा त्यात कळतं. अजून काय पाहिजे?

कडक भाकरी

पंचवीस मीटरसाहेब, तुम्ही राहायलाव कुठं? जुळे सोलापुरात असाल. आमच्याकडं या एकदा, अक्कलकोट रोडला. एमआयडीसीच्या मागं खोली आहे माझी. दिवसा माग चालू, रात्री माग चालू, वरनं प्रत्येक घरात एलईडी आणि स्वस्तातले चार्जर. रेडिओ लावला की नुसतं गर्रर्र. 31 मीटर म्हणजे पिठाची गिरणी.

आमच्याकडं शॉर्टवेव्ह कधी ऐकू येतं? लाइट गेल्यावर. फटकन सगळं शांत होतं आणि कुठल्या कुठल्या देशाची माणसं खोलीत बोलायला लागतात. मागच्या पावसाळ्यात दीड तास लाइट नव्हती, तेवढ्यात सात स्टेशनं मिळाली. पण त्याच वेळी वायफाय मेलेलं असतंय आणि मोबाइलला रेंज एक कांडी. तुमची यादी गोल गोल फिरायली. तिथं पुस्तकच कामाला येतंय की ओ!

एक सांगून ठेवतो, पुस्तक बघायला एलईडी बॅटरी लावली तर काही बॅटऱ्या पण खरखर करतात. माझी करते. आता मेणबत्ती ठेवलीय.

पंचवीस मीटर

मेणबत्ती आणि सहाशेपानी पुस्तक, तेही रद्दीतलं. जपून बरं!

रेंजचा मुद्दा मान्य, पण यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल आहे. एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. मी सीझन बदलला की त्याच आठवड्यात नवीन उतरवतो. 9 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ओळी छापून रेडिओच्या पाठीला चिकटवल्यात. झेरॉक्सवाल्याने बारा रुपये घेतले. हेही छापीलच झालं म्हणा हवं तर.

वही नंबर सात

मी 1974 पासून ऐकतोय, तेव्हा मधे तोंड घालतो. आमच्या वेळी ना यादी होती ना हे हँडबुक. पुस्तक परदेशातून मागवायचं म्हणजे पैसे पाठवण्यापासून भानगड. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन कुठे लागतं ते गल्लीतल्या पोरासोरांना पाठ होतं, त्याला गाइड लागत नव्हतं. बाकीचं काटा फिरवून, निवेदन ऐकून, वहीत लिहून.

माझी तक्रार तुम्हा दोघांबद्दल आहे. पुस्तक असो की यादी, माणूस आधी कागदात बघतो आणि मग तेच ऐकू येतं. 9 मेगाहर्ट्झला कुणीतरी खरखरीत इंग्रजी बोलतोय, यादीत त्या वेळेला ‘रोमानिया’ लिहिलंय, की लगेच रोमानिया लागलं! अहो, नाव ऐकलंत का? एक जागा तीन जण वापरत असतात. क्यूएसएल कार्डासाठी, म्हणजे ऐकल्याची स्टेशनकडून पोचपावती मिळावी म्हणून, रिपोर्ट पाठवलात तर कार्यक्रमात काय ऐकलं याचा तपशील मागतात, तो असाच नाही. एका परदेशी स्टेशनने माझा रिपोर्ट परत पाठवला होता, त्या दिवशी तो कार्यक्रमच बदलला होता म्हणून. मी वेळापत्रकावरून लिहिलं होतं. वय वीस होतं, पण लाज अजून वाटते.

तरी जुन्या हँडबुकातली एक गोष्ट मला भारी वाटायची, ती कुठल्या यादीत नाही. स्टेशन सुरू होण्याआधी जी धून वाजते, इंटरव्हल सिग्नल, त्याचे स्वर पाश्चात्त्य नोटेशनमध्ये छापलेले असायचे. एका मित्राकडे एक जुनी प्रत होती. आमच्या वाड्यात एक संगीत शिक्षक राहायचे, त्यांना नोटेशन वाचता यायचं. त्यांनी पेटीवर एकेक धून वाजवून दाखवली. चार दिवसांनी पहाटे 41 मीटरवर तीच धून खरखरीतून वर आली, आणि निवेदकाने तोंड उघडायच्या आत मी देशाचं नाव वहीत लिहून मोकळा. निवेदन झालं तेव्हा जुळलं.

सातरस्तेकर

काका, हे वाचून माझ्या प्रतीत शोधलं, पण स्वर नाहीत. जुन्याच आवृत्त्यांत असणार. आता रद्दीवाल्याकडे परत चक्कर.

पंचवीस मीटर, शिळेपणाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्यावर मी भांडत नाही. पण पुस्तकात देशाचं पान उघडलं की त्या देशाची सगळी स्टेशनं एकाखाली एक दिसतात: मीडियम वेव्ह, एफएम, शॉर्टवेव्ह, पत्ता, रिपोर्टला उत्तर देतात की नाही. माझ्या प्रतीत आधीच्या मालकाने पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्यात. इंडोनेशियाच्या पानावर अकरा खुणा आहेत, आणि एका ठिकाणी बारीक अक्षरात ‘पहाटे, थंडीत’ लिहिलंय. का थंडीत? म्हणून मी शोधत गेलो, तेव्हा कळलं की खालचे बँड अंधारात चांगले चालतात आणि थंडीत रात्र मोठी. तुमच्या फाइलमध्ये कुणी पेन्सिल चालवलीय का?

पंचवीस मीटर

पेन्सिल आवडली. पण ती आधीच्या मालकाची करामत. उद्या माझ्या झेरॉक्सवर मी लिहिलं तर तीही करामतच.

बरं, गाइडं काही सगळी सारखी नव्हती. 2009 नंतर बंद पडलेलं पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ मला जास्त पटायचं. त्यात निळ्या पानांवर फ्रिक्वेन्सीनुसार तासांचे आडवे पट्टे होते. कोण किती वाजता त्या जागेवर बसलंय ते एका नजरेत दिसायचं. तसं छापील कुणी परत काढलं तर मी पैसे देईन. तुमच्या हँडबुकाच्या प्रकाशकांनी तर 2022 ची आवृत्ती शेवटची म्हणून जाहीर केली होती, मग जर्मनीतल्या एका कंपनीने ते पुढे चालवायला घेतलं. एवढा मार खाल्लेली गोष्ट नवख्याच्या गळ्यात कशाला मारायची?

नवीन सेट

मी नवखीच आहे, म्हणून विचारते. पुस्तकात काय आणि यादीत काय, वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहे. साडेपाच तास मिळवायचे हे कळलं. पण रविवारी 20:00 लिहिलेला कार्यक्रम मी रविवारी रात्री दीड वाजता उठून शोधला, म्हणजे शनिवार संपून रविवार लागल्यावर. काही नाही.

वही नंबर सात

बाई, तो सोमवारी पहाटे दीडला. रविवारचे वीस तास अधिक साडेपाच म्हणजे मध्यरात्र ओलांडली, वार बदलला. ही चूक सगळे करतात. भिंतीवर दुसरं घड्याळ लावा, साडेपाच तास मागे. माझं आहे. नातवंडं म्हणतात, आजोबांचं घड्याळ बंद पडलंय.

कडक भाकरी

आमच्या फीडरला येत्या गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळी नऊ ते एक लाइट बंद आहे. गच्ची मोकळी. सातरस्तेकर पुस्तक घेऊन या, पंचवीस मीटर झेरॉक्स घेऊन या. कोण जास्त स्टेशनं काढतंय बघू. काकांच्या अटीवर: निवेदनात नाव ऐकल्याशिवाय मोजायचं नाही.

पंचवीस मीटर

येतो. सकाळी नऊ ते एक म्हणजे 31 मीटरवर फार काही नसणार, 19 आणि 16 मीटर धरा. आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधीच सांगून ठेवा, इन्व्हर्टर बंद ठेवायला.

कडक भाकरी

त्यांचा फ्रिज हाय त्याच्यावर. बघतो बोलून.