‘एबल’ जोडले, की झाले विशेषण?

अनुस्वार:
‘इंग्रजी क्रियापदाला ‘एबल’ जोडा, की ‘करण्याजोगे’ अशा अर्थाचे विशेषण तयार. पाठांतराची गरजच काय?’ हे नीरक्षीर यांचे विधान वाचून राहवले नाही. ‘वॉश’चे ‘वॉशेबल’ होते, हे मान्य. परंतु ‘व्हिजिबल’, ‘ऑडिबल’, ‘एडिबल’ हे शब्द मुळात लॅटिन घडणीचे असून, त्यांतला प्रत्यय काढल्यावर उरणारा तुकडा इंग्रजीत क्रियापद म्हणून वापरताच येत नाही. शिवाय उच्चार जवळजवळ सारखा असल्याने स्पेलिंगमध्ये ‘ए’ की ‘आय’, हे पाठच करावे लागते.

नीरक्षीर:
नियम नवशिक्यांसाठी होता, पंडितांसाठी नव्हे. ‘आय’वाले शब्द मोजके आहेत आणि नवी भर ‘ए’वाल्यांतच पडते. प्रत्यय काढून पूर्ण क्रियापद उरले, तर ‘ए’ लिहावा, संपला वाद.

तिरकस:
संपला कसा? ‘अ‍ॅक्सेसिबल’ आणि ‘कन्व्हर्टिबल’ यांतही पूर्ण क्रियापद उरते, तरी तेथे ‘आय’च येतो. अर्थाचेही तेच: ‘पेएबल’ रक्कम भरण्याजोगी नसते, भरावीच लागते, आणि ‘पेरिशेबल’ माल आपण नासवत नाही, तो आपोआप नासतो. असल्याच अर्धवट नियमावर विसंबून माझ्या एका वरिष्ठांनी ‘यूजेबल’मधला ‘ई’ चुकीचा ठरवून माझे पत्र परत पाठवले होते. वास्तविक ‘ई’सह आणि ‘ई’शिवाय, दोन्ही रूपे शब्दकोशांत आहेत!

अनुस्वार:
पत्राचे राहू द्या, ‘इनफ्लेमेबल’चे बोला. ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे, मग ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असे नवशिक्याला वाटले तर?

नीरक्षीर:
उगाच भीती घालू नका. तो शब्द ‘इनफ्लेम’ला, म्हणजे ‘पेटवणे’ला, प्रत्यय लागून झालेला आहे, म्हणजे अर्थ ‘पेटणारे’ असाच; तेथील ‘इन’ नकारार्थी नाहीच. क्रियापद ओळखा, अर्थ आपोआप लागतो. माझा नियम येथे पुरेपूर लागू पडतो.

तिरकस:
पिंपावरची सूचना वाचणारा आधी व्युत्पत्ती पाहील आणि मग काडी विझवील, असे आपणांस खरोखर वाटते काय? हा घोळ टाळण्यासाठीच सुरक्षेच्या सूचनांत ‘फ्लेमेबल’ पसंत केले जाते आणि न पेटणाऱ्या वस्तूसाठी ‘नॉनफ्लेमेबल’ लिहितात.

नीरक्षीर:
ठीक आहे, नियमाआधी ‘बहुधा’ जोडतो. आपले समाधान महत्त्वाचे.

तिरकस:
उपकार झाले. आता ‘टॉलरेट’चे ‘टॉलरेबल’ होताना मधला ‘एट’ गळतो आणि ‘ट्रान्सलेट’चे ‘ट्रान्सलेटेबल’ होताना तो तसाच राहतो, हेही त्या ‘बहुधा’त बसवून दाखवा.