मदत हवी आहे: झेरॉक्सचे पैसे लेखकाच्या वारसांना मिळतात का?

कुळागर:
नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. बाबांनी धालो, जागर, काला या इथल्या लोकपरंपरांवर बरंच लिहिलं. त्यांचं मराठी पुस्तक १९९७ चं, आता बाजारात मिळत नाही. २०१४ मध्ये बाबा गेले. परवा भाची एमएच्या अभ्यासासाठी तेच पुस्तक घेऊन आली, तर अख्खं झेरॉक्स, निळ्या प्लास्टिकचं कव्हर, स्पायरल बाइंडिंग. पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का आणि कुणीतरी पेन्सिलीने मारलेल्या रेघा, त्याही छापून आलेल्या. दुकानात मागेल त्याला मिळतं म्हणे. पोरं वाचतात याचा आनंदच आहे, पण प्रश्न पडला की यातलं काही लेखकाला मिळायला नको का? बाबांचा एक इंग्रजी लेख लंडनच्या एका प्रकाशकाच्या संपादित पुस्तकातही आहे. तिथे राहणारा आतेभाऊ म्हणतो, तिकडे लेखकांना फोटोकॉपीचे पैसे घरपोच येतात. हे खरं का? आणि अर्ज कोणी करायचा, आईने की आम्ही भावंडांनी?

पानंपानं:
आतेभाऊ म्हणतो ते खरं आहे, पण झेरॉक्सच्या मशीनला पाण्यासारखा मीटर नसतो, की बाबांची दहा पानं निघाली, द्या दहा पानांचे. ब्रिटनमध्ये विद्यापीठं आणि शाळा सीएलए (कॉपीराइट लायसन्सिंग एजन्सी) नावाच्या संस्थेकडून वर्षाचा परवाना घेतात. फी साधारण विद्यार्थिसंख्येवर. मग काय काय कॉपी झालं याची माहिती संस्थांकडून आणि नमुना पाहण्यांतून गोळा होते. त्या आधारे, खर्च वजा करून, रकमेचे वाटे पडतात: प्रकाशकांचा वेगळा, लेखकांचा वेगळा, चित्रकार-छायाचित्रकारांचाही. लेखकांचा वाटा एएलसीएस ही संस्था वाटते. तिचं सभासद व्हावं लागतं आणि लेखनाची नोंद करावी लागते. वारसांनाही सभासद होता येतं. संपादित पुस्तकातलं प्रकरण चालतं, पुस्तकावर छापलेला आयएसबीएन क्रमांक हाताशी ठेवा.

सगळीकडे रीत एकच नाही. जर्मनीत कॉपी मशीनच्या विक्रीवरच आकार बसवलेला असतो. नॉर्वेत पैसा लेखक संघटनांकडे जातो आणि त्यातला बराचसा शिष्यवृत्त्या-अनुदानांच्या रूपाने लेखकांपर्यंत पोचतो.

तिसवाडी:
आता आपल्याकडचं. भारतात या कामासाठी दिल्लीची आयआरआरओ ही नोंदणीकृत संस्था आहे. पण तिच्याकडून वर्गातल्या झेरॉक्सचे पैसे येतील या आशेवर बसू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(आय) मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना सूट आहे. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी झेरॉक्स या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कोर्सपॅकच्या, म्हणजे अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांच्या झेरॉक्स-संचाच्या, बाजूने निकाल दिला आणि किती पानं चालतील याची ठरीव मर्यादा घातली नाही. अख्ख्या पुस्तकाचा मुद्दा मात्र खंडपीठाने तपासायला खुला ठेवला होता. प्रकाशकांनी २०१७ मध्ये दावाच मागे घेतला. आयआरआरओ सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही तिच्या पदरी काही पडलं नाही.

तुमच्या दुकानदाराचं वेगळं आहे. अभ्यासक्रम असो नसो, मागेल त्याला अख्खं पुस्तक बांधून विकणं हे शिकवण्याच्या सुटीत बसवणं कठीण. पण खरं सांगू? त्याच्यामागे लागण्यापेक्षा पुस्तक पुन्हा छापा, नाहीतर त्याच दुकानाला लेखी परवानगी द्या आणि प्रतीमागे ठरावीक रक्कम घ्या.

त्याआधी प्रकाशकाशी झालेला कागद शोधा. हक्क लेखी, सहीनिशी दिलेले नसतील तर ते बाबांचेच राहिले. दिले असतील, पण मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. हक्क २०७४ अखेरपर्यंत आहेत, मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं.

आणि वारसा गोव्यातला, म्हणून तो इथल्या वारसा कायद्याने बघायचा. आई की भावंडं, असा प्रश्नच नको. स्पेशल नोटरीकडे डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण हे सांगणारा दस्त, करून घ्या, त्यात सगळ्यांची नावं येतात. लग्न कम्युनियनमध्ये, म्हणजे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरून, झालेलं असेल तर आईच्या अर्ध्या हिश्श्याचं आणि लग्न झालेल्या भावंडांच्या जोडीदारांचं काय, हेही तिथेच विचारा. घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीसाठी मालमत्तेची यादी, झाली असेल, तर पुस्तकाचे हक्क त्या यादीत बहुधा कुणी घातलेले नसतील. आपल्याकडे भाट (माडांची बाग) आणि सोनंच आठवतं.

कुळागर:
खूप आभार दोघांचे. इन्व्हेंटरीचं अगदी बरोबर ओळखलंत, यादीत पितळेच्या समया आहेत, पुस्तक नाही. आणखी एक शंका. लंडनच्या पुस्तकात सगळे हक्क प्रकाशकाचे असं छापलंय. मग एएलसीएसचा दरवाजा बंद ना?

पानंपानं:
तेवढ्याने बंद होत नाही. प्रकाशकाला हक्क दिलेले असले तरी तिथे लेखकाचा वाटा पुष्कळदा वेगळा मागता येतो. आजन्म सभासदत्वाची फीही आधी भरायची नसते, पहिल्या रकमेतून कापतात. वारस म्हणून कोणते कागद लागतील ते मेल करून विचारून घ्या. डीड हातात आल्यावरच अर्ज करा, नाहीतर तीच कागदपत्रं दोनदा पाठवावी लागतील.