२० ऑगस्टला पुलावर मेणबत्त्या लावायच्यात, सल्ला हवा

मुठाकाठची:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतले आणि शेजारच्या दोनतीन बिल्डिंगमधले मिळून तीसेक जण येत्या २० ऑगस्टला संध्याकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर मेणबत्त्या घेऊन उभं राहायचं म्हणतोय. २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांना सकाळी फिरायला निघालेले असताना तिथेच गोळ्या घातल्या. माझा मुलगा दहावीत आहे, रोज त्याच पुलावरून क्लासला जातो, आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. ते कळल्यापासून मला चैन नाहीये, खरंच. तशाच गोळ्या घालून मारलेल्या पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांचीही नावं घ्यायची ठरलंय. आता एक जण म्हणतायत पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांचीही घ्या, त्यात पुण्याचे दोघं होते. घ्यावीत का? आणि परवानगी, पाऊस, याचं काय करता तुम्ही लोक?

पेठेतला_जुना:
ताई, आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, किती माणसं, किती वेळ, माईक आहे की नाही सगळं लिहून, आणि पोच घ्या. माईक नसेल तर बरंच सोपं जातं. ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असलं आणि भिडे पूल बंद असला तर सगळी गर्दी बाकीच्या पुलांवर येते, त्यामुळे फुटपाथवरच एका रांगेत उभे राहा. नदीवरचा वारा मेणबत्ती टिकू देत नाही, कागदी कपाच्या बुडाला भोक पाडून त्यात खोचा. आणि मेण रस्त्यावर पडू देऊ नका हो, पावसात टू-व्हीलर घसरतात, जाताना खरवडून घ्या.

सह्याद्री_ते_जर्सी:
मी मूळची कोथरूडची, आता न्यूजर्सीत. इकडे डिसेंबरमध्ये असे कार्यक्रम होतात, कनेक्टिकटमधल्या सँडी हूकच्या शाळेत १४ डिसेंबर २०१२ ला २० मुलं आणि ६ मोठी माणसं गोळीबारात गेली त्याच्या आसपास. मी शेजारणीबरोबर गेले होते. भाषण कुणाचंच नाही, फक्त नाव आणि वय वाचायचं आणि थांबायचं. सहा, सात, सहा, सहा असं ऐकत गेले आणि मला तिथे उभं राहवेना. तुम्ही पण वय वाचा. दाभोलकर ६७, गौरी लंकेश ५५.

पेठेतला_जुना:
वयाचं पटलं. पहलगामबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, लंकेश यांना त्यांच्या विचारांसाठी मारलं. अंनिसचे, म्हणजे दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमायचे, मीही कितीतरी वेळा गेलोय, पावसात छत्री धरून. तेव्हा मागणी एकच होती, मारेकरी आणि सूत्रधार पकडा. मे २०२४ ला दाभोलकर खटल्याचा निकाल लागला, दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष सुटले, सूत्रधाराचं काय हा प्रश्न अजून तसाच आहे. सगळी नावं एकत्र केली की तो प्रश्न पातळ होतो. पहलगामसाठी २२ एप्रिलला वेगळं उभे राहा, मी येईन.

सह्याद्री_ते_जर्सी:
काका, बरोबर. आणि पुण्यातल्या त्या दोन घरांना आधी विचारा ना. त्यांना नकोही असेल.

मुठाकाठची:
काका, जर्सीवाली ताई, दोघांचंही पटलं. चारच नावं, प्रत्येकाची तारीख, गाव आणि वय: पुणे, कोल्हापूर, धारवाड, बंगळूर. 'निधन' नाही म्हणायचं, 'खून' म्हणायचं, हे काल मुलानेच सुचवलं. वाचणार पण तोच. पहलगामचं एप्रिलमध्ये, त्या घरी विचारूनच. अर्ज उद्या देते, कपांना भोकं आज रात्री पाडायला बसतोय.